मेटलमधल्या रिदम गिटारचे थर: किती टेक, कुठे पॅन, गेन किती

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीत घरातल्याच खोलीत रेकॉर्डिंग, गिटार ड्रॉप सीमध्ये (सर्वांत जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली), हंबकर पिकअप, दोन इनपुटचा इंटरफेस आणि अँपचं प्लगइन. रिदमचा एक टेक (एकदा वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) वाजवून त्याची कॉपी केली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकली, तरी रुंदी आली नाही. मग एका बाजूला १५ मिलिसेकंद डिले दिला. हेडफोनवर छान वाटलं, फोनवर सगळं पोकळ. मित्र सांगतो, चार ट्रॅक कर. करावेत का, आणि पॅन, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवणं, किती टक्के?

आधी सरळ उत्तर. दोन टेक, दोन्ही वेगवेगळे वाजवलेले, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, आत्ता आहे त्यापेक्षा कमी. हे दोन नीट बसले की मगच चारचा विषय काढा.

कॉपीने रुंदी का येत नाही

एकच टेक दोन ट्रॅकवर ठेवला की दोन्ही स्पीकर हुबेहूब तोच सिग्नल सोडतात. दोन्ही कानांना तेच आणि त्याच क्षणी ऐकू आलं की मेंदू तो आवाज मधोमध बसवतो. म्हणजे इतका खटाटोप करून तुम्ही मोनो ट्रॅक मध्यभागीच ठेवलात, फक्त तो थोडा मोठा झाला. मोठा झाला म्हणून पहिल्यांदा ऐकताना बरा वाटतो, तेवढंच.

डिलेचा प्रकार जास्त फसवा. आधी पोचलेल्या आवाजाकडे कान ओढला जातो, त्यामुळे नीट ऐकलंत तर गिटार रुंद झालेली नसते, एका बाजूला कललेली असते. खरा घोळ मोनोत होतो. मूळ आवाज आणि १५ मिलिसेकंद उशिराची त्याची कॉपी एकत्र आली की ३३, १००, १६७, २३३ हर्ट्झ असे दर ६७ हर्ट्झवर खड्डे पडत जातात. ड्रॉप सीमधली मोकळी सहावी तार ६५.४ हर्ट्झवर वाजते, ती दोन खड्ड्यांच्या मधे सापडते आणि वाचते. पाचवी तार मोकळी सोडली की जी, ९८ हर्ट्झ, आणि तो थेट १०० च्या खड्ड्यात. तिचा तिसरा हार्मोनिक २९४, तोही ३०० च्या खड्ड्याच्या काठावर. म्हणून एक नोट भरीव आणि शेजारची पोकळ असं विचित्र ऐकू येतं. फोनचा स्पीकर १०० हर्ट्झ वाजवतच नाही, पण हे खड्डे ३६७, ४३३, ५०० असे वर चालूच राहतात आणि फोनमध्ये दोन्ही बाजू जवळजवळ एकाच जागेवरून येतात. १५ च्या जागी १० किंवा २५ मिलिसेकंद घेऊन काही सुटत नाही, खड्डे फक्त जागा बदलतात. स्टिरिओ रुंद करणारी प्लगइन आणि कोरस इफेक्ट यांनाही रिदमवर हाच दोष लागतो. क्लीन गिटारवर ती खुशाल वापरा.

दोनदा वाजवलेल्या टेकमध्ये मात्र प्रत्येक नोटची वेळ काही मिलिसेकंदांनी, सूर काही सेंटने (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) आणि पिकचा कोन किंचित बदललेला असतो. डिस्टॉर्शन या बारीक फरकांना फुगवतं. दोन्ही बाजूंचे हार्मोनिक एकसारखे राहत नाहीत, म्हणून मेंदू त्यांना एका बिंदूत गोळा करू शकत नाही. रुंदी येते ती इथूनच.

दोन की चार

डाव्या आणि उजव्या टेकमधला फरक रुंदी देतो. एकाच बाजूच्या दोन टेकमधला फरक मात्र गढूळपणा देतो. चार ट्रॅकच्या सल्ल्यात हा भेद सहसा कुणी सांगत नाही.

हिशोब करून पाहा. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) एक सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे पाव ठोका, ७५ मिलिसेकंदांची असते. डावीकडच्या दोन टेकमध्ये २० मिलिसेकंदांचा फरक राहिला, तर त्या नोटचा पाव हिस्सा दोन पिकांच्या आवाजातच गेला. पाम म्यूटची (तळवा ब्रिजजवळ टेकवून दाबलेल्या नोटांची) जी टकटक ठसठशीत हवी, ती फरफरते. याउलट ७० बीपीएमच्या डूम रिफमध्ये किंवा गाण्याच्या कोरसमधल्या लांब ताणलेल्या कॉर्डमध्ये तोच २० मिलिसेकंदांचा फरक कुणाला कळतही नाही, आणि चार टेकने खरोखर भिंत उभी राहते. म्हणून वेगवान थ्रॅश, डेथ, टेक्निकल रिफ यांना दोन. संथ आणि मोकळ्या कॉर्डना हवे तर चार. एकाच गाण्यात व्हर्समध्ये दोन आणि कोरसमध्ये चार, हा माझ्या मते सगळ्यांत शहाणा वापर, कारण मग कोरस आला की काहीतरी उघडल्यासारखं वाटतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार ठेवले तर कानाला तुलनेला काही उरत नाही.

दोन आणि चारची तुलना करताना एक सापळा टाळा. हुबेहूब कॉपी मिसळली तर आवाज ६ डेसिबलने वाढतो, वेगळा वाजवलेला टेक मिसळला तर साधारण ३ डेसिबलने. दोनाचे चार केले की गिटार ३ डेसिबलने मोठ्या होतात, आणि मोठं ते नेहमी जड वाटतं. चारही ट्रॅक ज्या बसवर (एकत्रित ट्रॅकवर) जातात तो ३ डेसिबल खाली करा आणि मग दोन विरुद्ध चार ऐका. अनेकदा दोनच सरस ठरतात.

पॅन

दोन टेक असतील तर १००-१००. ८० वर ठेवल्याने मिक्स 'नैसर्गिक' होतो असं म्हणतात, पण मेटलमध्ये मधली जागा किक, स्नेअर, बेस आणि गायक यांनी आधीच भरलेली असते. ८० वरच्या गिटारचा काही भाग दुसऱ्या स्पीकरमध्ये झिरपतो आणि तो या सगळ्यांवर येऊन बसतो. शिवाय ८० टक्के म्हणजे नक्की किती, हे प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पॅन लॉवर ठरतं. मध्यभागी ठेवलेला ट्रॅक ३ डेसिबल खाली करायचा, ४.५ की अजिबात नाही, ही त्यातली निवड असते. मिक्स सुरू होण्याआधी ती एकदा ठरवा आणि मग हात लावू नका. मधेच बदलली तर सगळे समतोल हलतात.

चार असतील तर बाहेरची जोडी १०० वर आणि आतली ७० ते ८० वर, आतली बाहेरच्यापेक्षा ३ ते ६ डेसिबल खाली. चारही १०० वर ठेवले तरी चालतं, मध्य आणखी मोकळा राहतो. आतली जोडी ५० च्या आत आणू नका, तिथे ती गायकाच्या अंगावर येते.

टोन वेगळे घ्यायचे असतील तर जोडीने घ्या. डावीकडे एक अँप आणि उजवीकडे दुसरं असं दोन टेकमध्ये केलंत, तर ज्या बाजूला ३ ते ४ किलोहर्ट्झ जास्त आहे ती बाजू मीटरवर सारखी दिसूनही मोठी ऐकू येते आणि सगळी गिटार तिकडे कलते. चार टेकमध्ये हे सोपं आहे: बाहेरची जोडी दोन्हीकडे एका अँपची, आतली जोडी दोन्हीकडे दुसऱ्या अँपची. दोनच टेक असतील तर अँप आणि कॅब (स्पीकरचा डबा) तेच ठेवा, गिटार किंवा पिकअप बदला. एवढा फरक पुरतो.

गिटार एकीकडे कलतेय अशी शंका आली तर मास्टरवर डावी-उजवी बाजू अदलाबदल करून ऐका. कल दुसरीकडे गेला तर दोष मिक्सचा. कल त्याच बाजूला राहिला तर दोष खोलीचा किंवा हेडफोनचा. मुंबईतल्या घरांत टेबलाच्या एका बाजूला गोदरेजचं कपाट आणि दुसऱ्या बाजूला खिडकी असते, त्यामुळे हा दुसरा निकाल वारंवार येतो. अशा खोलीत समतोल हेडफोनवर ठरवलेला बरा.

गेन

अंधेरीच्या जॅमरूममध्ये ड्रमसमोर ऐकू यावं म्हणून चढवलेला गेन रेकॉर्डिंगमध्ये चालत नाही. डिस्टॉर्शन हा मुळात कठोर कॉम्प्रेसर आहे, म्हणजे आवाजातले चढउतार दाबणारा. गेन जितका जास्त, तितकी पिकची टोच आणि तिच्यामागचा आवाज यांच्यातलं अंतर कमी. एका गिटारवर ते गुळगुळीत आणि सुखाचं वाटतं. दोन-चार थर झाले की सगळ्या टोचा एकमेकींत विरघळतात आणि मागे फक्त फसफस उरते. थरांमुळे घनता आपोआप वाढते, म्हणून प्रत्येक थर एकटा ऐकताना 'जरा कमी पडतोय' असाच वाटायला हवा. एकट्या गिटारला आवडलेला गेन पाव ते एक तृतीयांश खाली आणा. चार थर असतील तर आणखी थोडा.

गेन कमी केल्यावर वाजवायला जड जातं, हे खरं. त्यावर जुना उपाय म्हणजे अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर या पेडलच्या जातीचा ओव्हरड्राइव्ह: ड्राइव्ह शून्य किंवा शून्याजवळ, लेव्हल पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण, टोन मधोमध. या सर्किटचा क्लिपिंग टप्पा साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवतो. त्यामुळे खालच्या तारांचा ढोबळ आवाज अँपच्या डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधीच आवरला जातो आणि पाम म्यूट तुटक, टणक निघतात. डिस्टॉर्शननंतर इक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) खालचा भाग कापून हा परिणाम मिळत नाही, कारण तोवर त्या ढोबळ आवाजाने डिस्टॉर्शन बिघडवलेलं असतं.

गिटार आणि वीज

थर म्हणजे टेकमध्ये जे आहे त्याचा गुणाकार, त्यात बेसूरपणाही आला. ड्रॉप सीला १०-४६ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सैल पडतो. साडेपंचवीस इंची स्केलवर ११-५६ च्या आसपासचा, पावणेपंचवीस इंचीवर १२-६० च्या आसपासचा घ्या. सेट बदलल्यावर इंटोनेशन पुन्हा लावा: बाराव्या फ्रेटवर दाबलेली नोट आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर एकच यायला हवा.

सैल तार जोरात मारली की पहिल्या क्षणी सूर वर जातो आणि मग खाली बसतो. ट्यूनरसमोर हलकेच छेडून सूर लावला आणि टेकमध्ये आडदांड वाजवलं, तर प्रत्येक चग (जाड तारेवरचा पाम म्यूटचा ठोका) चढा लागतो, आणि दोन टेकमध्ये हाताचा जोर वेगळा असेल तर दोघे एकमेकांशी भांडतात. रिफमध्ये जितक्या जोराने मारणार तितक्याच जोराने मारून सूर लावा. चगच्या रिफसाठी टोचेच्या वेळचा काटा बघा, लांब कॉर्डसाठी तार स्थिरावल्यानंतरचा. प्रत्येक टेकआधी डिस्टॉर्शन लावून एक पॉवर कॉर्ड ताणा. त्यात संथ लाटा ऐकू आल्या तर पुन्हा सूर लावा.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो. दमट हवेत नेक हलतो, तारा आठवड्यात गंजून मंद होतात, आणि आवाज नको म्हणून टेकआधी एसी बंद केला की अर्ध्या तासात सूर सरकतो. म्हणून आज सगळे डावे आणि पुढच्या रविवारी सगळे उजवे असं करू नका. एका रिफचा डावा टेक झाला की लगेच त्याच रिफचा उजवा. तारा त्याच, सूर तोच, हात तितकाच तापलेला.

विनाकारण वाजणारे तारांचे भाग बंद करा. नटच्या मागे, सूर लावायच्या खुंट्यांच्या बाजूला, केसांचा जाड रबर किंवा जुन्या मोज्याची पट्टी गुंडाळली की थांब्यांच्या वेळची किणकिण जाते. ट्रेमोलो ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगमध्ये फोमचा तुकडा घाला.

आता वीज. आपला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. गुरगुर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर येते, ती हंबकर बरीचशी खातो. चरचर मात्र वेगळ्या वाटेने येते. नेहमीचा गुन्हेगार पंख्याचा टप्पे नसलेला, सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. त्यातला ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच विजेची लाट दर अर्ध्या फेरीला मधेच तोडतो आणि ती कडा पिकअपमध्ये शिरते. पंखा हळू केला तर चरचर वाढते, म्हणून टेकपुरता पंखा बटणापासूनच बंद. मग स्वस्त एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, गिटारजवळचा फोन अशा क्रमाने एकेक बंद करत ऐका. तारांना हात लावला की आवाज कमी आणि हात काढला की जास्त, असं होत असेल तर गिटारचं वायरिंग आणि सॉकेटचं अर्थिंग दोन्ही तपासा. दोन पिनांच्या चार्जरवर चालणारा लॅपटॉप टेकपुरता बॅटरीवर ठेवला तर फरक लगेच कळतो. तारांना झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, नंतर रेकॉर्डिंग. गुरगुर घालवायला तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

बाहेरची लोकल, कुकरची शिट्टी, गणपतीतला ढोल-ताशा यांची चिंता नको. डीआयमध्ये, म्हणजे केबलने थेट घेतलेल्या सिग्नलमध्ये, ते येत नाहीत.

टेक घेणं

केबल इंटरफेसच्या हाय-झेड (गिटारसाठीच्या) इनपुटला. सर्वांत जोरकस चगला शिखर उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या मधे (शून्य म्हणजे डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा), २४ बिट. एकदा लावलेला इनपुट गेन सगळ्या थरांसाठी तोच. त्या गेनच्या नॉबचा फोटो काढून ठेवा. पुढच्या बैठकीत तो वेगळा असेल तर प्लगइनचा गेन न बदलताही डिस्टॉर्शन बदलतं. डीआय नेहमी कोराच रेकॉर्ड करा आणि अँप प्लगइन फक्त ऐकण्यासाठी लावा. पुढे खऱ्या अँपच्या स्टुडिओत जायचं ठरलं तर हाच डीआय रीअँप बॉक्समधून अँपला देता येतो.

बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पल. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका दिशेला २.७ मिलिसेकंद. येण्याजाण्याचा एकूण उशीर त्यापेक्षा बराच जास्त असतो, पण वाजवता येतं. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर कोरा आणि डिस्टॉर्ट झालेला असे दोन आवाज एकत्र येऊन हात गोंधळतो. एक चाचणी मात्र कराच. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल परत इनपुटला द्या, क्लिक वाजवून तो रेकॉर्ड करा आणि मूळ क्लिकशेजारी ठेवून बघा. ड्रायव्हर उशीर चुकीचा सांगत असेल तर तुमचा प्रत्येक टेक ड्रमच्या मागे तेवढाच पडतो आणि तुम्ही आपल्या हाताला दोष देत बसता. जितके सॅम्पल फरक, तितके सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा.

गाणं सलग वाजवू नका, रिफरिफने घ्या. प्रत्येक रिफच्या आधी एक बार आधीपासून वाजवत या आणि पुढच्या बारच्या पहिल्या नोटवर थांबा, म्हणजे जोड लावायला दोन्हीकडे मजकूर राहतो. पिकची दिशा लिहून ठेवा. डाव्या टेकमध्ये सगळे डाउनस्ट्रोक आणि उजव्यात अप-डाउन झाले, तर वेळ अचूक असूनही दोन्ही बाजूंची टोच वेगळी लागते. तळव्याचा ब्रिजवरचा दाबही तसाच. पाम म्यूट एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला अर्धा उघडा असेल तर कुठल्याही इक्यूने ते जुळत नाहीत.

दुसरा टेक घेताना पहिला ऐकावा की नाही? वेगवान रिफमध्ये पहिला म्यूट करा आणि ड्रमवरच वाजवा. पहिला ऐकत वाजवलं की तुम्ही त्याच्या मागोमाग जाता. तो ८ मिलिसेकंद मागे असेल तर दुसरा १५ मागे जातो. संथ रिफमध्ये, विशेषतः कॉर्ड कधी तोडायची हे जुळवायचं असेल तेव्हा, पहिला हळू आवाजात दुसऱ्या कानात ठेवा.

टेक झाला की दोन्ही ट्रॅक मध्यभागी आणून ऐका. पॅन केल्यावर लपणारं इथे उघडं पडतं. चगची सुरुवात 'टक' ऐवजी 'ट-टक' ऐकू आली तर तो रिफ पुन्हा. थांबेही इथेच तपासा. सगळे थर एकाच क्षणी गप्प झाले पाहिजेत, हे एकत्र सुरू होण्याइतकंच महत्त्वाचं आहे. गेटवर (हळू आवाज आपोआप बंद करणाऱ्या प्लगइनवर) हे काम सोडू नका. दोन ट्रॅकवरचे गेट कधीच एकत्र बंद होत नाहीत. थांब्यांवर डीआय हाताने कापा आणि ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या.

एडिटिंग करायचं ते कोऱ्या डीआयवर, कारण तिथे टोच डोळ्याला दिसते. टोचेच्या २-३ मिलिसेकंद आधी कापा, सरकवा, २ ते ५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. ड्रमपासून १० मिलिसेकंदांहून जास्त सुटलेल्या नोटा तेवढ्या हलवा. सगळं ग्रिडला चिकटवलं तर दोन्ही बाजूंच्या टोचा एकाच क्षणी येतात आणि कष्टाने मिळवलेल्या रुंदीतला थोडा भाग परत जातो.

टोन बसवणं

प्लगइनमध्ये कॅबचा एकच चांगला इम्पल्स (कॅब आणि माईकच्या आवाजाची साठवलेली छाप) निवडा. १२ इंची व्हिंटेज ३० स्पीकरसमोर एसएम५७ माईक हा ठरलेला मार्ग आहे आणि वाईट नाही. खरा कॅब असेल तर माईक जाळीपासून इंचभर, मधल्या टोपीच्या काठाकडे रोखलेला. मधोमध आणलात तर तीक्ष्ण, बाहेर नेलात तर मऊ. अर्धा इंच सरकवल्याने जो फरक पडतो तो इक्यूने भरून निघत नाही. स्वीडनमधल्या स्टुडिओ फ्रेडमनच्या नावाने ओळखली जाणारी रीत म्हणजे दोन एसएम५७, एक सरळ आणि दुसरा ४५ अंशांत. दोघांचं अंतर जुळलं नाही तर वर सांगितलेले खड्डे इथेही पडतात.

इक्यू गिटारच्या बसवर, सगळ्यांना एकच. हायपास (त्याखालचं कापणारा) ७० ते १०० हर्ट्झ, लोपास (त्यावरचं कापणारा) ८ ते १२ किलोहर्ट्झ. शिट्टीसारख्या टोकदार जागा बहुधा २.५ ते ६ किलोहर्ट्झमध्ये सापडतात. तिथे अरुंद बँडने ३ ते ६ डेसिबल काढा, पण दोन-तीन जागाच. दहा ठिकाणी कापायची वेळ आली तर इम्पल्स बदला. पाम म्यूटमध्ये ८० ते २५० हर्ट्झचा गोळा उसळतो, उघड्या कॉर्डमध्ये नाही, त्यामुळे साधा कट दिला तर कॉर्ड पातळ होतात. तिथे मल्टिबँड कॉम्प्रेसर किंवा डायनॅमिक इक्यू (ठरावीक पट्टा मोठा झाला तेव्हाच दाबणारं साधन) लावा, फक्त चगवर ३ ते ५ डेसिबल खाली येईल असा. अटॅक १० मिलिसेकंदांच्या आसपास, रिलीज १००. थर जितके जास्त तितका हा गोळा मोठा. चार ट्रॅकचा मिक्स फुगलेला वाटतो त्याचं हे सर्वांत सामान्य कारण.

आणि बेस. गिटारचा जडपणा म्हणून जो ऐकू येतो त्यातला मोठा वाटा मध्यभागी असलेल्या बेसचा असतो. आवडता मेटल मिक्स लावून गिटारच लक्ष देऊन ऐका. वाटते त्यापेक्षा ती बरीच पातळ आणि मिडची असते. बेसचा डीआय दोन ट्रॅकवर घ्या, साधारण २०० हर्ट्झखालचा भाग कोरा आणि घट्ट कॉम्प्रेस केलेला, वरचा भाग डिस्टॉर्शनमधून. हा वरचा भाग डाव्या-उजव्या गिटारना मधून जोडतो. तो नसेल तर दोन गिटारच्या मधे भगदाड राहतं, आणि लोक ते बुजवायला मध्यभागी तिसरी रिदम गिटार टाकतात. ती गायक आणि स्नेअरशी भांडते. ब्रेकडाउनमध्ये गायक गप्प असेल तर चार बारपुरती तिसरी चालेल.

बँडमध्ये दोन गिटारिस्ट असतील तर रिदम दोघांनी वाटून घ्यायची की एकाने? दोघांचे रिफ वेगळे असतील तर एकेक बाजू वाटून द्या. रिफ एकच असेल तर ज्याचा उजवा हात जास्त पक्का, त्याने दोन्ही बाजू वाजवाव्यात. ऐंशीच्या दशकातल्या मेटालिकाच्या अल्बमांवर रिदमचे थर जेम्स हेटफिल्ड एकटाच वाजवत असे, त्यात दुसऱ्याचा मान कमी होत नाही. दुसऱ्याला लीड, हार्मनी आणि कोरसमधली आतली जोडी द्या. हार्मनीच्या दोन ओळी ४० ते ६० वर, एकटी लीड मध्यभागी.

शेवटी मास्टर मोनो करून एकदा पूर्ण गाणं ऐका. टोकाला पॅन केलेल्या दोन वेगळ्या गिटार मोनोत मधल्या वाद्यांच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबल खाली जातात. ते अटळ आहे, त्याने घाबरू नका. छोट्या जागांतले पीए (कार्यक्रमाचे लाउडस्पीकर) बऱ्याचदा मोनोच चालतात, म्हणून ३ डेसिबल खाली गेल्यावरही रिफ ओळखू येतो का, एवढं पाहा. येत नसेल तर गिटारचा आवाज वाढवण्याआधी ७०० हर्ट्झ ते १.५ किलोहर्ट्झमध्ये १-२ डेसिबल द्या आणि बेसचं डिस्टॉर्शन त्याच भागात तेवढंच मागे घ्या. स्टिरिओत परत आल्यावर हा बदल जेमतेम जाणवेल, फोनवर मात्र रिफ पुढे येईल.